आधी कागद, मग तिकीट

भारतातला कोणीही परदेशी निघाला, मग तो कोल्हापूरचा असो की कोहिमाचा, त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा नाशिकरोडला पार पडलेला असतो. पासपोर्टची कोरी पुस्तिका इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. विलायतेहून छापून येणारी टपाल तिकिटे इथेच छापावीत म्हणून १९२० च्या दशकात हा कारखाना उभा राहिला. शेजारी १९२८ पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आली, आणि आता चिप बसवलेले ई-पासपोर्टही याच आवारातून बाहेर पडतात. असे असूनही परदेशप्रवासाची तयारी म्हटली की आम्हा नाशिककरांच्या गप्पा बॅगेभोवती फिरतात. थर्मल किती घ्यायचे, चिवडा किती टिकतो, तिकडचा प्लग कसा असतो, बॅगेचे वजन तेवीस किलोच्या वर गेले तर काय काढायचे. या गप्पांना माझा विरोध नाही, पण त्यांचा क्रम चुकतो. बॅग ही तयारीतली सर्वांत शेवटची आणि सर्वांत सोपी गोष्ट. विसरलेला स्वेटर जगात कुठेही विकत मिळतो. पासपोर्टवरचे चुकलेले अक्षर कुठेच विकत मिळत नाही. परदेशप्रवासाची खरी तयारी कागदांची असते. त्यातही कागद गोळा करणे हे निम्मेच काम आहे. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहणे आणि जुळत नसतील तर जुळवून घेणे, हे उरलेले आणि अवघड काम. आणि ते तिकीट काढण्याआधी संपले पाहिजे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

परदेशप्रवासाची तयारी म्हणजे कागद, असे पूर्वीपासून नव्हते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत चित्रपटाचे तंत्र शिकायला लंडनला गेले आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आले. त्यांची तयारी कशाची होती? पैशाची: त्यासाठी त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. आणि ज्ञानाची: कोणता कॅमेरा हवा, फिल्म कुठे मिळेल, कोणाला भेटायचे, याचा अभ्यास ते आधीपासून करत होते. म्हणून तर इतक्या थोड्या मुदतीत विल्यमसन कॅमेरा खरेदी करून, स्टुडिओतले काम डोळ्यांखाली घालून ते परतले आणि १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पण त्या तयारीत आजच्या अर्थाने पासपोर्ट, व्हिसा, बायोमेट्रिक यांतले काहीच नव्हते. पासपोर्टची जगभरची सक्ती पहिल्या महायुद्धाने आणली. भारतात येणाऱ्याकडे पासपोर्ट हवा असे सांगणारा इथला कायदा १९२० चा आहे. म्हणजे परदेशी जाणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या तोंडच्या शब्दावरून काढून कागदावर नेली गेली, त्याला अजून शंभरेक वर्षेच झाली. फाळक्यांना हेतू आणि पैसा पुरला. आपल्याला ते दोन्ही लागतातच, शिवाय ते आहेत हे सिद्ध करणारा कागदही लागतो.

या कागदांत दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे बरीच मनस्तापाची प्रकरणे होतात. पासपोर्ट आपले सरकार देते, आणि तो सरकारच्या मर्जीचा विषय उरलेला नाही. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात १९६७ साली म्हटले. त्यामुळे त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा करावा लागला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क आणखी पक्का केला. व्हिसाचे तसे नाही. तो दुसऱ्या देशाचा दरवाजा आहे आणि उघडायचा की नाही हे घरमालक ठरवतो. अमेरिकेच्या कायद्यात तर पर्यटक व्हिसा मागणारा माणूस तिथेच कायमचा राहायला येतो आहे असे मुळात गृहीत धरलेले असते आणि तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. शुल्क भरले म्हणजे व्हिसा मिळालाच पाहिजे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. व्हिसा अधिकारी आपल्याला ओळखत नाही. आपल्या घराण्याची अब्रू, गावातली पत, मुलाची अमेरिकेतली नोकरी यांतले काहीही त्याच्या डोळ्यांसमोर नसते. त्याच्यासमोर एक फाइल असते आणि त्या फाइलीतले कागद एकच गोष्ट सांगतात की वेगवेगळ्या, एवढेच तो काही मिनिटांत पाहतो. त्याचा निर्णय आपल्या हातात नाही, पण फाइल मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

सुरुवात नावापासून करावी, कारण मराठी माणसाचे नाव ही या फाइलीतली सर्वांत नाजूक जागा आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर नाव आधी. बँकेत मधल्या नावाचे नुसते आद्याक्षर. सातबाऱ्यावर मोठ्या भावाच्या जोडीने ‘भाऊसाहेब’ अशी हाकेची नावे. पासपोर्टला मात्र दोनच रकाने ठाऊक आहेत: एक आडनावाचा, दुसरा उरलेल्या नावाचा. मधले नाव या दुसऱ्या रकान्यात जाते, आणि विमानाचे तिकीट काढताना ते गाळले की दोन कागदांत दोन माणसे तयार होतात. त्यात देवनागरीतून रोमनमध्ये जातानाची गंमत वेगळीच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कोणी ‘डी’ने लिहितो, कोणी ‘जी’ने, ‘चव्हाण’मध्ये ‘व्ही’ आहे की ‘डब्ल्यू’ यावर एकाच घरातल्या भावांचे एकमत नसते. शाळेच्या बाईंनी, बँकेच्या कारकुनाने आणि आधार केंद्रावरच्या मुलाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेले स्पेलिंग आपण वर्षानुवर्षे खपवून घेतो, कारण गावात त्याने काही अडत नाही. पण पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर खाली चव्वेचाळीस-चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्र वाचते, आणि यंत्राला ‘आमच्याकडे असंच लिहितात’ हे सांगता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट होतो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव रेशनकार्डावर जाते, पदवीच्या कागदावर माहेरचे राहते. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलणे बंधनकारक नाही आणि २०१६ च्या डिसेंबरपासून अर्जासोबत विवाहनोंदणीचा दाखला जोडण्याची सरसकट अटही उरली नाही. म्हणून माझे मत असे, की एकच नाव ठरवावे, माहेरचे असो की सासरचे, आणि सगळ्या कागदांवर तेच करून घ्यावे. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे त्यांनी तर हे काम आजच हाती घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकशब्दी नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम लागू केला, तेव्हा नाव पूर्ण नसण्याची किंमत एका दिवसात कळली.

नावानंतर तारखा. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण प्रवासाच्या हिशेबात तो साडेनऊ वर्षांचाच धरावा, कारण थायलंड, सिंगापूर, मलेशिया, अमिराती अशा अनेक देशांना प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने आणि दोन कोरी पाने लागतात. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, त्यामुळे ‘अजून चार महिने आहेत की’ हे वाक्य घरात उच्चारायची वेळच येऊ देऊ नये. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा, हे आईवडील हमखास विसरतात. आणि आता एक नवी गोष्ट: १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरा कागद नाही. जुन्या जन्मनोंदींत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेले असते. नव्या पिढीच्या आईवडिलांनी महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दाखला आणताना त्यावरचे प्रत्येक अक्षर तपासले, तर त्या मुलाच्या पुढच्या साठ वर्षांच्या कागदांचा पाया नीट पडेल.

पैशाच्या कागदांकडे येताना मला निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांचा दाखला द्यावासा वाटतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची तयारी छाटणीच्याही आधी सुरू होते. बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले त्याची नोंद, प्रयोगशाळेत उर्वरित अंशाची तपासणी, ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर प्लॉटचा माग, शेवटी माल कीड-रोगमुक्त असल्याचा फायटोसॅनिटरी दाखला, आणि मग कंटेनर. २०१० साली एका संजीवकाचे अंश जास्त निघाले म्हणून युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा नोंद नसलेला माल किती महागात पडतो हे सगळ्या जिल्ह्याने पाहिले. आधी कंटेनर भरून मग दाखले शोधायला निघणारा बागायतदार आज सापडणार नाही. पण तोच बागायतदार मुलीकडे जर्मनीला निघतो तेव्हा आधी तिकीट काढतो आणि मग कागद शोधतो. त्याची अडचणही खरी आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. बरीचशी उलाढाल रोखीची, आणि खात्यात पैसा हंगामात एकदम येतो व एकदम जातो. व्हिसा अधिकारी मात्र साधारण गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे विवरण मागतो आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम पाहून त्याच्या मनात शंका येते. करपात्र उत्पन्न नसले तरी विवरणपत्र भरता येते. बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवता येतात. सातबारा आणि आठ-अ यांची इंग्रजी भाषांतरे तयार ठेवता येतात. पण ही कामे आठवड्यात होत नाहीत, त्यांना दोन-तीन हंगाम लागतात. पैसे सोबत नेण्याचेही नियम आहेत: बहुतेक देशांसाठी एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच परकीय चलन रोख नेता येते, बाकीचे कार्डावर, आणि भारतीय चलन देशाबाहेर नेण्याची मर्यादा पंचवीस हजार रुपये. नाशिकरोडला छापलेल्या नोटेलाही सीमेवर मोजूनच सोडतात.

यानंतर शरीर आणि डबा, आणि या दोन्हींचेही शेवटी कागदच होतात. केनियाची सहल ठरली तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि ती दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते. पिवळे प्रमाणपत्र एकदा मिळाले की आता आयुष्यभर चालते. पण ते नसेल तर परतताना आपलेच सरकार सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकते. शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा बंधनकारक आहे. अमेरिकेला तो बंधनकारक नाही, आणि नेमकी गरज तिथेच जास्त, कारण तिथल्या रुग्णालयाचे एक बिल इथले घर विकायला लावू शकते. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, झालेली अँजिओप्लास्टी लपवणे म्हणजे हप्ता वाचवून दावा बुडवणे. औषधांचेही तसेच. आपल्याकडे खोकल्याच्या किंवा दुखण्याच्या औषधांत असणारे कोडीन आणि ट्रॅमाडॉल अमिरातीत नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथली पूर्वपरवानगी नसेल तर ती गोळी गुन्ह्याचा पुरावा ठरते. मराठी घराला सर्वांत अनपेक्षित धक्का देणारी वस्तू मात्र खसखस आहे. दिवाळीच्या अनारशांवर, करंजीच्या सारणात, कित्येक घरांच्या मसाल्यात ती असते. अफूच्या झाडाचे बी म्हणून अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि सिंगापूरलाही ती घेऊन जाण्याच्या फंदात पडू नये. न्यूझीलंडमध्ये डब्यातला खाद्यपदार्थ घोषणापत्रात न लिहिणाऱ्याला जागेवर चारशे डॉलर दंड होतो. पदार्थ लिहिला आणि तो काढून घेतला तर दंड नाही. शिक्षा लाडवाला नसून न लिहिण्याला आहे.

आता आक्षेप. पहिला असा, की हे सारे जुने झाले. कितीतरी देशांनी भारतीयांना व्हिसा माफ केला आहे, बाकीचे ऑनलाइन देतात. खरे आहे, २०२३ च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने व्हिसामाफी जाहीर केली. पण त्यानंतर मलेशियाने आगमनाचा डिजिटल अर्ज सक्तीचा केला, आणि थायलंडने १ मे २०२५ पासून तोच मार्ग धरला. व्हिसा गेला, फॉर्म आला. शिवाय जिथे व्हिसा आधी तपासला जात नाही तिथे सगळी तपासणी विमानतळावरच्या खिडकीपाशी होते. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, खर्चाची सोय हे सारे तिथे विचारले जाऊ शकते. घरी झालेला नकार फक्त शुल्क बुडवतो. तिथला नकार परतीच्या विमानात बसवतो. दुसरा आक्षेप मराठी मध्यमवर्गाचा लाडका: हे सगळे टूर कंपनी बघते. चांगली टूर कंपनी अर्ज भरते, तारखा मिळवते, यादी देते, आणि मराठी माणसाला जग दाखवण्यात अशा कंपन्यांचा वाटा मोठाच आहे. पण ती तुमचा शाळेचा दाखला दुरुस्त करू शकत नाही, तुमच्या खात्याचा मागचा इतिहास बदलू शकत नाही, आणि अर्जावर सही तुमची असते, कंपनीची नव्हे. खोटी माहिती भरली गेली तर पुढच्या सगळ्या अर्जांवर पडणारा डागही तुमच्याच नावाचा.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे: इतकी आखणी केली तर प्रवासातले अकल्पित काय उरले? मला वाटते, इथे दोन अकल्पितांची गल्लत होते. अनोळखी गल्लीत चुकणे हे प्रवासाचे सुख, विमानतळाच्या चौकशीखोलीत बसणे हे नव्हे. कागद पक्के असतील तरच आराखडा सैल ठेवता येतो. चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ही कागदी तयारी सर्वांवर सारखी पडत नाही. कळवण-सुरगाण्याच्या पाड्यावर जन्मलेल्याची जन्मनोंद अनेकदा नसते. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘स्थलांतर तपासणी आवश्यक’, असा शेरा येतो आणि आखाती देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली त्याला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पर्यटक एका कागदासाठी कुरकुरतो, मालेगावहून सौदीला निघालेल्या कामगाराला दहा कागद लागतात. पण म्हणूनच तयारीचे महत्त्व त्याच्या बाबतीत कमी नसून जास्त आहे. ती मंजुरी जाच वाटली तरी त्या निमित्ताने मालकाचे नाव, करार आणि विमा सरकारी नोंदीत येतात. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिकडे बदलून घेऊ’ म्हणणारा दलाल नेमका हाच कागद वाचवत असतो, आणि पगार थकला किंवा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तर कामगाराच्या बाजूने बोलणारी दुसरी कोणतीही गोष्ट नसते.

नाशिककराला आणखी एक हिशेब धरावा लागतो, तो अंतराचा. पासपोर्टचे काम गावातल्या सेवा केंद्रात होते, पण बहुतेक देशांच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. ओझरला विमानतळ असला तरी परदेशाचे विमान सहसा मुंबईहूनच धरायचे असते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पुरा खुला झाल्याने इगतपुरीपुढची वाट सोपी झाली, तरी पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटाचा आणि ठाण्याच्या कोंडीचा भरवसा धरू नये. म्हणून क्रम असा असावा. वर्षभर आधी नाव आणि तारखा. सहा महिने आधी, दोन-तीन हंगाम जपत आणलेल्या पैशाच्या कागदांची जुळणी. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण पंधरा, क्वचित पंचेचाळीस दिवस लागतात. व्हिसा हातात आल्यावर पैसे परत न मिळणारे तिकीट. महिनाभर आधी लस, विमा (शेंगेनसाठी तो अर्जासोबतच) आणि औषधांच्या चिठ्ठ्या. बॅग शेवटच्या आठवड्यात. तुम्हाला यंदा कुठेही जायचे नसले, तरी एक करा. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, आधार, पॅन आणि दाखले एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकाचे नाव अक्षर-अक्षर जुळवून पाहा. जिथे जुळणार नाही तिथल्या दुरुस्तीचा अर्ज सोमवारीच भरा.